घोलवडच्या गोधड्या

आपल्या मंडळाच्या रविवारच्या शाळेतला बालवर्ग आम्ही दोघं गेली सहा वर्षं चालवतो, हे बऱ्याच वाचकांना माहीत आहे. ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडी ओळख. वय तीन ते सहा, पट कधी चौदा तर कधी चार, वेळ सकाळी दहा ते बारा, जागा भाड्याचा हॉल. हॉल प्रशस्त आहे, स्वच्छ आहे, भाडंही फार नाही. तक्रार एकच, तो घुमतो. उंच छप्पर, गुळगुळीत भिंती आणि खाली चकचकीत लाकडी जमीन. टाळी वाजवली की ती जाऊन, फिरून, चहा पिऊन परत येते.

या घुमण्याचा आणि मराठीचा काही संबंध असेल, हे आमच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. २०२२ च्या शरद ऋतूत एक दिवस आम्ही फळांची चित्रं दाखवत होतो. केळ्याचं चित्र वर धरून विचारलं, "हे काय?" सगळ्यांनी एकसुरात सांगितलं, "केलं!" आम्ही म्हटलं, "केलं नाही, केळं." मुलं म्हणाली, "केलं." तीनदा झालं, चारदा झालं. शेवटी एक चिमुरडी वैतागून इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही तेच तर म्हणताय!" सगळे हसले. आम्हीही हसलो, पण घरी येताना गाडीत दोघंही गप्प होतो. त्या वर्षी पट घसरत घसरत पाचावर आला होता आणि उन्हाळ्यापर्यंत तो वाढला नाही तर बालवर्ग बंद करावा, असं कार्यकारिणीत ठरत आलं होतं. आईवडिलांना विचारलं तर उत्तर एकच, "मुलांना कंटाळा येतो हो. यायलाच तयार होत नाहीत."

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील आवाजाच्या शास्त्रातले इंजिनिअर आहेत. मुलाला न्यायला ते दहा मिनिटं लवकर आले, दारात उभे राहिले आणि आत येऊन एक टाळी वाजवली. मग म्हणाले, "यात मुलांना काही ऐकू येत असेल तर नवलच." त्यांनी जे सांगितलं ते आमच्या शब्दांत असं. आपण बोलतो तेव्हा स्वर लांब आणि जोरदार असतात, व्यंजनं आखूड आणि दुबळी. घुमणाऱ्या खोलीत आधीच्या स्वराची शेपूट पुढच्या व्यंजनावर येऊन पडते आणि ते झाकून टाकते. मोठ्या माणसाला शब्द आधीच ठाऊक असतो, तो बुडालेलं अक्षर मनात भरून घेतो. तीन-चार वर्षांच्या मुलाकडे ती शिल्लक नसते, आणि घरात इंग्रजीच जास्त ऐकणाऱ्या मुलाकडे तर मराठीची मुळीच नसते. मग 'ल' आणि 'ळ', 'पाट' आणि 'पाठ', 'टाट' आणि 'ताट' सगळं एकाच डब्यात. इंग्लंडमध्ये नव्या प्राथमिक शाळेच्या वर्गासाठी आवाज विरायला ०.६ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये असा दंडक आहे. आमच्या हॉलला अंदाजे दीड तरी लागत असावा, असं ते म्हणाले.

उपाय? छप्पर आपलं नाही, भिंती आपल्या नाहीत, जमीन आपली नाही. "मऊ काहीतरी आणा," ते म्हणाले. "कापड, जाड कापड. आणि मुलांना जवळ बसवा. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज त्यांच्यापर्यंत सहा डेसिबलनं वाढून पोचतो. ओरडायची गरज नाही."

आम्ही लगेच कामाला लागलो. परदेशात राहणारा माणूस कामाला लागतो म्हणजे काय करतो? दुकानात जातो. चार बीनबॅग, एक लांब केसांचा गालिचा, ढगाच्या आकाराच्या उशा आणि तंबू म्हणून विकत मिळणारं एक कापडी शंकूसारखं प्रकरण, असं सगळं आणलं. पहिल्या रविवारी मुलं खूष. दुसऱ्या रविवारी चार बीनबॅगांवर सात मुलांची मारामारी. तिसऱ्या रविवारी एक बीनबॅग उसवली आणि तिच्या पोटातले पांढरे मणी हॉलभर पसरले. ते गोळा करताना बारा वाजून चाळीस मिनिटं झाली. हॉल बाराला रिकामा करायचा असतो, त्यामुळे आम्हाला काय ऐकून घ्यावं लागलं ते लिहीत नाही. शिवाय हे सगळं दर रविवारी गाडीतून न्यायचं आणि आणायचं. तंबू गाडीत ठेवला की मुलं गाडीत मावत नव्हती.

नर्सरीच्या व्यवसायातल्या लोकांना हे सगळं ठाऊक असतं. अमेरिकेत थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी १९८० साली बालशाळांचं वातावरण मोजायची एक पट्टी तयार केली. तिच्यात मुलांना विसावायला मऊ सामान आहे की नाही आणि एकट्यानं किंवा दोघांनी बसायला आडोसा आहे की नाही, या गोष्टींनाही गुण आहेत. इथल्या बहुतेक नर्सऱ्यांत म्हणूनच एक तरी कोपरा उशांचा आणि पुस्तकांचा असतो. त्याला इथे 'कोझी कॉर्नर' म्हणतात. 'कोझी'ला मराठीत काय म्हणावं यावर आमच्यात दोन आठवडे चर्चा चालली. उबदार? ते थंडीपुरतं. गुबगुबीत? ते मांजरापुरतं. आई असती तर तिला विचारलं असतं, पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात आई गेली होती.

(आई म्हणजे आमच्यातल्या एकाची आई आणि दुसरीची सासू. पंधरा वर्षं दोघंही 'आई'च म्हणत आलो, म्हणून इथेही तसंच लिहितो.)

२०२३ च्या डिसेंबरात भारतात गेलो ते या कामासाठी नव्हे. डोंबिवलीची जागा विकायची होती आणि त्याआधी रिकामी करायची होती. ज्यांनी हे काम केलंय त्यांना सांगायला नको. भांडी वाटली, पुस्तकं वाचनालयाला दिली, देव बहिणीकडे गेले. राहिली आईची ट्रंक. तिच्यात एकोणीस सुती साड्या, त्यातल्या सहा नऊवारी, आजीच्या. काही विरलेल्या, काही नुसत्या धुऊन धुऊन सायीसारख्या मऊ झालेल्या. घरी कामाला येणाऱ्या बाईंना विचारलं, त्या संकोचून म्हणाल्या, "जुन्या सुती कोण नेसतंय आता, ताई." विमानात माणशी तेवीस किलो. टाकवतही नव्हतं आणि नेववतही नव्हतं. शेवटी ट्रंक तशीच उचलून घोलवडला मावशीकडे न्यायची ठरवली. मावशी आईची धाकटी बहीण. बहिणीच्या साड्या बहिणीकडे, म्हणजे आपण सुटलो, असा त्यातला सरळ हिशेब!

डोंबिवलीहून दादर, दादरला तो पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, विरारला गाडी बदलून डहाणू. डोक्यावर ट्रंक, दोन्ही हातांत पोरं. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल जाते. विरार सुटलं, वैतरणेची खाडी ओलांडली की मुंबई संपल्याची खूण पटते. सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव. डब्यात भाजीच्या टोपल्या चढू लागतात. डहाणूहून पुढे रिक्षा. उजवीकडे चिकूच्या वाड्या, डावीकडे सुरूची झाडं आणि त्यांच्या फटींतून चमकणारा समुद्र. घोलवडचा चिकू प्रसिद्धच आहे, पण तो झाडाखाली बसून खाल्ल्याशिवाय त्या प्रसिद्धीचा अर्थ कळत नाही. आमच्या धाकटीनं पहिल्या दिवशी सात खाल्ले. दुसऱ्या दिवशीचं वर्णन नको.

मावशीला रात्री बोलता बोलता बालवर्गाची, बीनबॅगची, घुमणाऱ्या हॉलची कथा सांगितली. ती म्हणाली, "अरे, तुम्ही कोसबाडच्या टेकडीच्या पायथ्याशी येऊन बसलायत आणि हे मला विचारताय? उद्या वर जाऊन या."

कोसबाडचं नाव आमच्या पिढीनं शाळेत ऐकलेलं असतं, अनुताई वाघांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' काहींनी वाचलेलंही असतं, पण आमच्या मुलांच्या पिढीसाठी थोडं सांगायला हवं. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) मुंबईत शिकलेल्या. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. मारिया माँटेसरीची पद्धत त्यांना पटली होती, पण माँटेसरीची ती घोटीव लाकडी साधनं खेड्यातल्या शाळेला परवडणार कशी? १९४५ साली त्या बोर्डीला आल्या. त्याच वर्षी अनुताई (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. साधनांच्या जागी त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, फुलं घेतली. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेलं.

इथे खरी गंमत आहे. शाळा काढली, मुलं येईनात. का येईनात? मोठी मुलं गुरं राखायला जात, मधली मुलं धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन हिंडत. ताराबाईंनी मुलांना किंवा आईबापांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच हलवली. गुरांमागे रानात गेली ती कुरणशाळा. पाड्यावरच्या अंगणात भरली ती अंगणवाडी. आणि कडेवरच्या भावंडाची सोय व्हावी म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, ती विकासवाडी. आज देशभर जी अंगणवाडी आहे, ती सरकारी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ ठिकाणी सुरू झाली. 'अंगणवाडी' हा शब्द मात्र या टेकडीवरच्या बायकांनी आधीच रुजवला होता.

आम्ही सकाळी आठला निघालो. टेकडी म्हणजे काही फार मोठा चढ नाही, पण लंडनच्या थंडीला सरावलेल्या पायांना डिसेंबरातही घाम फुटला. वर वारा होता, खाली वाड्यांचा हिरवा पट्टा आणि त्यापलीकडे समुद्राची रेघ. संस्थेच्या जुन्या परिसरातल्या झाडांखाली थोडा वेळ बसलो. पण लिहायचंय ते परतताना वाटेत लागलेल्या एका पाड्यावरच्या अंगणवाडीबद्दल. मावशीच्या ओळखीच्या सेविकाताई तिथे होत्या, म्हणून आत जाता आलं.

एक खोली, पत्र्याचं छप्पर, सिमेंटची जमीन, भिंतींवर अक्षरं आणि फळांचे रंगीत तक्ते. पत्रा म्हणजे आमच्या हॉलचाच सख्खा भाऊ, आवाज घुमायलाच हवा. पण घुमत नव्हता. खोलीच्या एका बाजूला सतरंजी, तिच्यावर दोन जुन्या वाकळा. कोपऱ्यात वाशाला साडीची झोळी बांधलेली, तिच्यात कुणाचं तरी धाकटं भावंड झोपलेलं. दाराशी अर्ध्यापर्यंत एक साडी पडद्यासारखी सोडलेली. भिंतीला टेकून गोणपाटाच्या बस्करांची चवड. आमच्यातल्या एकाला ते बस्कर पाहूनच भरून आलं. पहिलीत असताना दप्तरात पाटी आणि बगलेत बस्कर घेऊन शाळेत जाणारा तो शेवटचाच वर्ग असावा.

ताईंनी मुलांना ओळीत बसवलं नाही. त्या स्वतः वाकळेवर बसल्या आणि मुलं आपोआप त्यांच्याभोवती गोळा झाली. दोघं मांडीला चिकटून, एक पाठीवर रेलून. सगळ्यात लांबचं मूल हाताच्या अंतरावर. त्या इतक्या हळू आवाजात गोष्ट सांगत होत्या की दारात उभं राहून आम्हाला नीट ऐकू येत नव्हती, आणि मुलांची मात्र पापणी लवत नव्हती. एक पोरगा आला नाही. तो झोळीमागे साडीच्या आडोशाला पाठ करून बसला होता. आम्ही विचारलं, त्याला बोलवत नाही?

"तो तिथूनच ऐकतो, ताई," त्या म्हणाल्या. "नवीन आहे. आला तेव्हा दारातच रडायचा. मग झोळीमागे बसायला लागला. आता गाणं झालं की तिथूनच शेवटचा शब्द म्हणतो. येईल हळूहळू. ओढून आणला की पुन्हा दारात जाईल."

पुढे त्या आणखी एक गोष्ट सहज बोलून गेल्या. मुलं घरी वारलीत बोलतात, तक्त्यावरची मराठी त्यांना नवीनच असते. म्हणून आधी त्यांच्या बोलीत सांगायचं, मग पुस्तकातला शब्द. म्हणजे शाळेतली मराठी परकी वाटणारी मुलं फक्त आमच्या हॉलमध्ये नव्हती! आम्ही सहा वर्षं असं धरून चाललो होतो की मराठी न येणं हा परदेशाचा रोग आहे. कोसबाडच्या कुशीतली ताई तो प्रश्न रोज सकाळी एका वाकळेवर बसून सोडवत होती. आणि हो, 'कोझी'साठी शब्द सापडला. कुशी. आम्ही दोन आठवडे भांडत होतो तो शब्द असा आयता मिळाला.

टेकडी उतरताना आमच्या दोघांच्याही मनात एकच होतं, पण आधी कुणी बोलेना. शेवटी मावशीच्या ओटीवर बसून सांगितलं, आईच्या साड्यांच्या गोधड्या करायच्या.

मावशी काही बोलली नाही. उठून आत गेली, ट्रंक उघडली आणि एकेक साडी बाहेर काढून डाव्या-उजव्या बाजूला ठेवत गेली. डावीकडे धडक्या, उजवीकडे विरलेल्या. "वरून धडकी, पोटात विरलेली," ती म्हणाली. पुढचे आठ दिवस आम्ही कुठेही फिरायला गेलो नाही. शेजारच्या दोन काकू दुपारचं आवरून येत. ओटीवर साडी ताणून पसरायची, तिच्यावर जुन्या साड्यांचे थर, मधल्या खळग्यात चिंध्या, वर पुन्हा साडी. चारी बाजूंनी कच्चे टाके घालून घ्यायचे, नाहीतर थर सरकतात. मग कडेपासून आत धावदोरा. काकूंचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, आमचा भोपळ्याच्या बीएवढा. बोटाला सुई टोचली की मावशी म्हणे, "टोचू दे. तुझ्या आईनं तुला दुपटी शिवली तेव्हा तिलाही टोचलीच होती." तान्ह्या मुलाला नवं कापड खरखरीत लागतं, म्हणून जुन्या साडीचं दुपटं. लहानपणी ज्या कापडात गुंडाळले गेलो ते कुणाचं लुगडं होतं, ते आम्हाला त्या दुपारी कळलं.

खरा वाद मापावरून झाला. मावशीची गोधडी म्हणजे दोन माणसांच्या पांघरुणाची. आम्ही म्हटलं, चार फूट बाय तीन. मावशी म्हणाली, "ही गोधडी की पायपुसणं?" कारण सांगितलं. मोठी गोधडी भिजली की आमच्या यंत्रात मावत नाही, इंग्लंडात दोन दोन दिवस ऊन नसतं, वाळता वाळत नाही आणि विमानात वजन होतं. तेव्हा ती तयार झाली, पण वाईट वाटून. दुसरा वाद आमच्या दोघांतच झाला. त्या साड्यांत आईची एक हिरवी इरकली होती, लाल काठाची. एक म्हणे, हीच वर लावू, मुलांना रंग आवडेल. दुसरी म्हणे, या साडीला कात्री लावलेली मला बघवणार नाही, ही मी ठेवणार. दोन दिवस अबोला. मावशीनं मध्ये पडून इरकली घडी करून आपल्या कपाटात ठेवली आणि म्हणाली, "ही माझी. माझ्या ताईची. तुम्ही बाकीच्या न्या." आम्ही दोघंही गुपचूप बसलो.

एकूण आठ छोट्या गोधड्या आणि उरलेल्या तुकड्यांची बारा बस्करं झाली. बारा बस्करं कशाला, असं मावशीनं विचारलं, तेव्हा पटावर पाचच मुलं आहेत हे सांगायची लाज वाटली. सांगितलं नाही. माँटेसरीच्या वर्गातही प्रत्येक मूल आपली छोटी चटई पसरून तिच्यावर काम करतं. ती चटई म्हणजे त्याची जागा, दुसरं मूल तिच्यावर पाय देत नाही. आपल्या बस्कराची गोष्ट काय वेगळी होती? बस्कर अंथरलं की तेवढी जमीन आपली.

परत आलो आणि पहिल्याच रविवारी ठेच लागली. गोधड्या भिंतीला टांगायच्या म्हणजे घुमणं कमी होईल, असा आमचा बेत होता. हॉलच्या व्यवस्थापकांनी हात वर केला. टांगायच्या कापडाला आगीपासून संरक्षणाचा दाखला हवा. आईच्या साडीला कुठला दाखला? राग आला, पण घरी आल्यावर विचार केला तर त्यांचं बरोबर होतं. जुनं सुती कापड भडकन पेटतं, आणि टांगलेलं कापड आगीला शिडीसारखं वर नेतं. तेव्हा आता व्यवस्था अशी आहे. कपडे टांगायची चाकांची दांडी मिळते, तशा दोन घेतल्या, त्यांच्यावर आग-प्रतिबंधक दाखल्याचं जाड पडद्याचं कापड चुण्या घालून सोडलं. चुण्या महत्त्वाच्या आहेत. ताणलेलं पातळ कापड फक्त चिरका आवाज शोषतं, जाड आणि चुणीदार कापड जास्त काम करतं. दोन दांड्या काटकोनात लावल्या की हॉलच्या मधोमध एक कोपरा तयार होतो, दारं मोकळी राहतात. कोपऱ्यात सतरंजी, खाली घसरू नये म्हणून रबराची जाळी, वर गोधड्या. दोन बॅगा आणि दोन दांड्या. मांडायला बारा मिनिटं, आवरायला दहा. बीनबॅगा विकून टाकल्या.

एक सूचना, कारण काही जण धाकट्या बाळांनाही आणतात. वर्षाच्या आतल्या बाळाला या गोधड्यांवर किंवा उशीजवळ झोपू देऊ नये, इथले डॉक्टर ते बजावून सांगतात. लोंबत्या दोऱ्या, नाड्या, झालरी काही ठेवू नये. गोधड्या आम्ही महिन्यातून एकदा साठ अंशांवर धुतो, म्हणजे धुळीतले किडे मरतात. एका मुलीला दम्याचा त्रास आहे म्हणून हे विशेष पाळतो. रंग जातो. जाऊ दे म्हणतो, पण प्रत्येक धुण्यानंतर दोघंही काठ न्याहाळून बघतो.

टाळी आता अर्धी परत येते. त्यांच्या यंत्रावर इंजिनिअर साहेबांनी मोजून पाहिलं आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "हॉल आहे तसाच आहे. कोपऱ्यात थोडा फरक आहे. खरा फरक तुम्ही मुलांपासून दोन फुटांवर बसता याचा आहे." असेल. पण दोन फुटांवर मुलं बसतात ती गोधडीमुळेच ना? खुर्च्यांच्या काळात ती सहा फुटांच्या पलीकडे पळत.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. एका मुलानं गोधडीवर उलटी केली ती आजीच्या नऊवारीवर. दोन आईवडिलांना जमिनीवर बसणं मागासलेपणाचं वाटतं, त्यांनी तसं सांगून मूल काढून घेतलं. आणि आमची थोरली, जी आता अकरा वर्षांची आहे, ती अजून घरी मराठीत उत्तर देत नाही. ती मदतनीस म्हणून येते, पडद्यामागे पुस्तक घेऊन बसते. पण गेल्या महिन्यात एक नवा मुलगा हट्टानं तिच्याजवळ जाऊन बसला. तो बराच वेळ गोधडीवरच्या ठिगळांवर बोट ठेवून ठेवून विचारत होता, हे काय, हे काय, आणि ती हळूच सांगत होती. आजीची साडी. पणजीचं लुगडं. हाही आजीचा काठ. 'लुगडं' हा शब्द तिला येतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. आम्ही पडद्याच्या अलीकडे पेन्सिली गोळा करत राहिलो, वर पाहिलं नाही.

पट आता अकरा आहे. बालवर्ग पुढल्या वर्षीही चालू ठेवायचा, असं जूनच्या सभेत ठरलं. केळं अजून कधी कधी 'केलं' होतं, पण पूर्वीइतकं नाही. बाराव्या बस्कराला धनी मिळायचा आहे.

दिवाळीनंतर आणखी चार गोधड्या शिवायचा बेत आहे. शनिवारी दुपारी आमच्या घरी बसू, चहा आमच्याकडे, सुई-दोरा आमच्याकडे, चुकलेला टाका उसवायची तयारी तुमच्याकडे हवी. ज्यांच्याकडे घरच्या जुन्या सुती साड्या, धोतरं, लुगडी पडून असतील त्यांनी आणावीत. विरलेली चालतील, ती पोटात जातात. नायलॉन, पॉलिएस्टर आणि जरीचं मात्र नको, आणि जी साडी द्यायला जीव होत नसेल तीही आणू नका. ती कपाटातच बरी.